एका मडक्यात दोन साप

चेन्नईहून महाबलिपुरमकडे जाणाऱ्या पूर्व किनारा मार्गावर, शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर वडनेम्मेली हे गाव आहे, आणि तेथील इरुळा सर्पपकड औद्योगिक सहकारी संस्थेच्या आवारात रुंद तोंडाची मातीची मडकी ओळीने मांडून ठेवलेली असतात. प्रत्येक मडके निम्म्यापर्यंत वाळूने भरलेले असते, त्याच्या तोंडावर हवा खेळेल पण वाट मिळणार नाही अशा बेताने सुती फडके घट्ट बांधलेले असते, आणि आत साधारणतः दोन साप असतात. हे साप कोणी हौसेने पाळलेले नाहीत. त्यांचे विष काढून घेण्यापुरते ते येथे आलेले असतात आणि तीन आठवड्यांनी त्यांना पुन्हा रानात सोडले जाते.

एका भांड्यात किती साप ठेवावेत हा प्रश्न हल्ली परदेशी साप पाळणारे हौशी लोक आपापसांत विचारू लागले आहेत, तेव्हा तो नवाच आहे असे वाटते. परंतु चेन्नई आणि तिच्या भोवतालच्या चेंगलपट्टू परिसरात या प्रश्नाला निदान दीडदोनशे वर्षांचा व्यावहारिक इतिहास आहे. गारुड्याची टोपली, कातडीच्या व्यापाऱ्याचे पोते, सर्पोद्यानातील खड्डा, विषसंकलनाचे मडके आणि अलीकडे विमानतळावर उघडले जाणारे प्लॅस्टिकचे डबे, या प्रत्येक ठिकाणी सापांची संख्या माणसाच्या गरजेने ठरली. सापाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न निराळाच निघतो. साप एकमेकांना भेटतात, झुंजतात, जुगतात, क्वचित थंडीत एकत्र दडूनही बसतात. पण अशा प्रत्येक भेटीच्या शेवटी त्यातला एक निघून जातो. भांडे, मग ते मातीचे असो वा काचेचे, नेमकी ही निघून जाण्याची सोय काढून घेते.

सापांना जोडीने पाहण्याची सवय या प्रदेशात फार जुनी आहे. तमिळनाडूतील गावोगावच्या पिंपळाखाली किंवा कडुनिंबाखाली उभे केलेले नागक्कल, म्हणजे नागशिळा, पाहिले तर अनेकांवर दोन नाग शेपटीपासून मानेपर्यंत एकमेकांत गुंफलेले आणि माथ्याशी समोरासमोर फणा काढलेले दिसतात, आणि त्यांच्या वेढ्यांमधल्या मोकळ्या जागेत कधी शिवलिंगही कोरलेले असते. अपत्यप्राप्तीसाठी किंवा नागदोषाच्या निवारणासाठी अशा शिळा बसवण्याची चाल असून त्यांच्यावर हळदीकुंकवाची पुटे चढलेली असतात. चेन्नईच्या मैलापूर भागातील मुंडगक्कन्नी अम्मन मंदिरात, जेथे देवीच्या गाभाऱ्यावर आजही झावळ्यांचे छप्पर आहे, मागच्या बाजूला वडाखाली वारुळाची आणि नागप्रतिमांची पूजा होते, आणि भाविक तेथे दूध व अंडी वाहतात. साप दूध पीत नाही हे प्राणिशास्त्राचे सांगणे श्रद्धेच्या आड येत नाही, आणि या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते दूध नव्हे, शिळेवरचा पीळ आहे.

हा पीळ निसर्गात दिसतो, यात शंका नाही. पण तो बहुतेक वेळा दांपत्याचा नसतो. विणीच्या हंगामात दोन नर धामणी, ज्यांना तमिळमध्ये सारैप्पांबु म्हणतात, समोरासमोर येतात, शरीराचा पुढचा भाग जमिनीपासून उचलतात आणि एकमेकांभोवती वेढे घालत प्रतिस्पर्ध्याचे डोके खाली दाबण्याचा प्रयत्न करतात. यात चावा नसतो, रक्त निघत नाही, आणि कधी कधी हा प्रकार तासभरही चालतो. शास्त्रज्ञ याला नरांची झुंज म्हणतात. प्रत्यक्ष मीलनात साप बहुधा जमिनीलगत शेजारी शेजारी पडून राहतात आणि गुंफण असते ती शेपटीकडच्या भागाची, त्यामुळे पाहणाऱ्याच्या नजरेत भरते ती झुंजच. महाराष्ट्रात अशा पिळावर नवे वस्त्र टाकून ते घरात जपून ठेवण्याची रीत होती, कारण नाग आणि धामण यांचा संग पाहणे भाग्याचे मानले जाई. तमिळनाडूतही नल्लपांबु, म्हणजे नाग, आणि सारै यांची जोडी जमते अशी समजूत सर्वत्र आढळते. वास्तविक या दोन वेगळ्या कुळांतल्या जाती आहेत, त्यांचा संकर होत नाही, आणि संधी मिळाली तर नाग धामणीला गिळतो. मराठीत नाग पुल्लिंगी आणि धामण स्त्रीलिंगी असल्यामुळे व्याकरणानेच त्यांचे लग्न लावून टाकले असावे, असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र तमिळमध्ये सगळेच प्राणी नपुंसकलिंगी असूनही तेथे हीच समजूत रुजली, तेव्हा दोष व्याकरणाचा नाही, डोळ्यांचा आहे.

या झुंजीचा शेवट कसा होतो हे पाहिले म्हणजे सापांना एकत्र कोंडण्यातील मुख्य अडचण कळते. हरलेला नर खाली दबतो, वेढा सोडवतो आणि सरपटत दूर जातो. जिंकलेला त्याचा फार पाठलाग करत नाही, कारण भांडण जागेपुरते आणि वेळेपुरते असते. तेच दोन नर एका पेटीत असले तर हरलेल्याला जायला जागाच उरत नाही आणि तो रोज हरत राहतो. त्याच्या अंगावर जखम दिसत नाही, फक्त तो खाणे सोडतो, कोपऱ्यात किंवा पाण्याच्या भांड्यात पडून राहतो, आणि पाळणारा त्याला शांत स्वभावाचा समजतो.

मद्रास इलाख्यात सापांकडे अभ्यासाच्या नजरेने पाहण्यास आरंभ झाला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गशास्त्रज्ञ म्हणून काम केलेल्या पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्याने कोरोमंडल किनाऱ्यावरील साप गोळा करून त्यांची रंगीत चित्रे आणि वर्णने १७९६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, सर्पदंशावर दिल्या जाणाऱ्या ‘तंजावर गोळ्यां’ची परीक्षाही घेतली, आणि ज्या सापाला मराठीत घोणस म्हणतात त्याला इंग्रजीत रसेलचेच नाव मिळाले. रसेलचे लक्ष विषारी आणि बिनविषारी यांतला भेद पक्का करण्याकडे होते. साप जिवंत कसा ठेवावा हे ज्ञान मात्र पांबाट्टी, म्हणजे गारुडी, यांच्यापाशी होते, आणि ते फार दयाळू ज्ञान नव्हते. टोपलीतल्या नागाचे दात मोडलेले, पुष्कळदा तोंडही टाक्याने शिवलेले, त्यामुळे तो शेजाऱ्याला चावण्याचा किंवा खाण्याचा प्रश्न उरत नसे, आणि थोड्याच काळात मेला की दुसरा पकडून आणला जाई. सापांच्या सहवासाबद्दल या परंपरेपासून काही शिकता येत नाही, कारण तिने सापाच्या तोंडाबरोबर त्याचे वागणेही बंद केले होते.

साप पकडण्याची खरी विद्या होती इरुळा समाजाकडे. तमिळमध्ये ‘इरुळ’ म्हणजे अंधार, आणि या नावाच्या आदिवासी जमातीची चेंगलपट्टू, कांचीपुरम व तिरुवळ्ळूर या भागांत वस्ती आहे. पहाटे पहार घेऊन निघावे, बांधावरचा माग, विष्ठेचा ठिपका, टाकलेली कात किंवा बिळाच्या तोंडाशी गुळगुळीत झालेली माती पाहून आत कोणता साप आहे हे ओळखावे आणि बीळ खणून तो हाताने बाहेर काढावा, ही त्यांची पद्धत होय. विसाव्या शतकात या विद्येला गिऱ्हाईक मिळाले ते कातड्याच्या व्यापाराचे. मद्रास हे चामड्याच्या निर्यातीचे मोठे केंद्र होते, शहराच्या दक्षिणेकडील क्रोमपेट या उपनगराचे नावसुद्धा क्रोम पद्धतीने चामडे कमावणाऱ्या कारखान्यावरून पडले आहे, आणि पर्स, पट्टे व पादत्राणे यांसाठी सापांची लाखो कातडी परदेशी जात. या व्यापारात धामण, नाग आणि अजगर पोत्यात एकत्र कोंबले जात, कारण त्यांना जगवायचे नव्हतेच. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने आणि १९७६ मध्ये सापाच्या कातड्याच्या निर्यातीवर आलेल्या बंदीने हा धंदा कायद्याने संपला, आणि त्याबरोबर इरुळा कुटुंबांची मिळकतही संपली.

याच सुमारास मद्रासमध्ये सर्पोद्यान उभे राहत होते. न्यूयॉर्कमध्ये १९४३ साली जन्मलेले आणि लहानपणी आईबरोबर मुंबईला आलेले रोम्युलस व्हिटेकर यांनी अमेरिकेतील मायामीच्या एका सर्पालयात काम करून विष काढण्याचे तंत्र शिकून घेतले होते. भारतात परतल्यावर त्यांनी तांबरमजवळच्या सेलैयूर येथे सापांचे एक लहान प्रदर्शन मांडले, आणि १९७२ मध्ये ते शहरातील गिंडीच्या हरणांच्या रानालगत, जेमतेम एक एकर जागेत आणले. मद्रास सर्पोद्यान या नावाने ते प्रसिद्धीस आले. साप पैसे देऊन पाहायला लोक रांग लावतात हे तेव्हा अनेकांना नवल वाटले, आणि सापाविषयीची भीती व भक्ती यांच्या मधला तिसरा मार्ग, म्हणजे कुतूहल, येथे पहिल्यांदा तिकीट काढून आत शिरला, असे म्हणता येईल.

प्रदर्शनासाठी साप ठेवायचे म्हटले की संख्येचा मोह होतोच. काचेमागे एकटा पडलेला नाग प्रेक्षकाला कंटाळवाणा वाटतो, उलट भिंतीने वेढलेल्या उघड्या खड्ड्यात पाचपन्नास साप वळवळताना दिसले की पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. म्हणून जगभरच्या सर्पालयांनी असे खड्डे केले. त्यांची किंमत हळूहळू कळली. गिंडीचे उद्यान सुरू झाले त्याच १९७२ साली स्वित्झर्लंडमध्ये, विष काढण्यासाठी दक्षिण अमेरिकी घोणसवर्गीय साप मोठ्या संख्येने पाळणाऱ्या एका केंद्रात श्वसनरोगाची साथ पसरून बरेच साप मेले, आणि पुढे त्या रोगाचा विषाणू ओळखला गेला तेव्हा तो एकापासून दुसऱ्याला श्वासाच्या स्रावातून होतो हे स्पष्ट झाले. सापांवरचा माइट, म्हणजे गोचिडीच्या नात्यातला, टाचणीच्या डोक्याहून लहान असा रक्तपिपासू परोपजीवी, एका खवल्याखालून दुसऱ्या सापाच्या खवल्याखाली एका रात्रीत जातो. आणखी एक घातक पाहुणा आहे तो आतड्यातील अमीबाचा: कासवाच्या आणि मगरीच्या पोटात हा अमीबा फारसा त्रास न देता राहतो, पण पाण्यावाटे किंवा सफाईच्या साधनांवाटे सापाच्या पोटात गेला तर आतडी सडवून त्याचा जीव घेतो. ज्या संस्था मगरी, कासवे आणि साप एकाच आवारात सांभाळतात त्यांच्या दृष्टीने वेगळी बादली व वेगळा खराटा हा कडक शिस्तीचा भाग असतो, तो यामुळेच.

वडनेम्मेलीलाच १९७६ मध्ये व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास मगरपेढी स्थापन केली, आणि इरुळांची सहकारी संस्था १९७८ मध्ये नोंदवली जाऊन तिच्याच आवारात विसावली. कातड्यासाठी साप मारणाऱ्या हातांना विषासाठी साप जिवंत ठेवण्याचे काम द्यावे, हा तिच्यामागचा साधा आणि धूर्त विचार होता. पकडायच्या जाती चार ठरल्या: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे, ज्यांना तमिळमध्ये अनुक्रमे नल्लपांबु, कट्टुविरियन, कन्नाडिविरियन आणि सुरुट्टैविरियन म्हणतात. भारतातील प्राणघातक दंशांपैकी बहुतेकांची जबाबदारी या चौघांवर आहे आणि देशात तयार होणारे प्रतिविषही, म्हणजे दंश झालेल्याला टोचले जाणारे औषध, या चौघांच्याच विषावर आधारलेले असते. सभासदाने आणलेला साप तपासून मडक्यात ठेवला जातो, तीन आठवड्यांत त्याचे विष चार वेळा काढले जाते, आणि नंतर तो रानात परत जातो.

आता मडक्याकडे पुन्हा वळले पाहिजे. हौशी सर्पपालनात जे वर्ज्य मानले जाते ते येथे दररोज कसे चालते, हा प्रश्न अभ्यासकाला पडणे साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर मडक्याच्या रचनेतच आहे. आतली वाळू आणि मातीची भिंत उन्हाळ्यातही गारवा धरून ठेवते, फडक्यामुळे आत अंधार राहतो, आणि अंधारात वेटोळे घालून पडलेला साप बिळात असल्यासारखा निश्चल राहतो. मडक्यातले दोघे एकाच जातीचे ठेवणे हाही या व्यवस्थेचा आधार आहे, कारण सापांच्या अंगी स्वजातीच्या विषाला तोंड देण्याची बरीच शक्ती असते, परंतु परक्या जातीच्या विषापुढे ती लंगडी पडते. नागाशेजारी मण्यार ठेवणे म्हणजे एकाला दुसऱ्यापुढे भक्ष्य म्हणून वाढून ठेवणे होय. यांतील मण्यारीबाबत तर विशेष जपावे लागते, कारण ती मुळात साप खाणारी आहे आणि आपल्या जातीच्या लहान सापालाही सोडत नाही, म्हणून आकारातला फरक तिच्या बाबतीत जीवघेणा ठरू शकतो. आणि सर्वांत मोठे कारण कालमर्यादेचे आहे. साप येतो त्याच दिवशी त्याच्या जाण्याचा दिवसही ठरलेला असतो. निघून जाण्याची जी सोय भांडे हिरावून घेते ती येथे माणूस तारखेच्या रूपाने परत देतो, आणि दोघांमधला ताण वाढून आजारापर्यंत पोचण्याआधीच मडके रिकामे होते.

विष काढण्याची क्रिया जवळून पाहण्यासारखी असते. आकड्याने साप मडक्यातून उचलून वाळूवर घेतला जातो, डोक्यामागे दोन बोटांत धरला जातो, आणि पातळ पडदा ताणून बांधलेल्या काचेच्या भांड्याच्या काठाशी त्याचे तोंड आणले जाते. दात पडद्यातून आरपार जातात आणि काचेवरून पिवळसर थेंब ओघळतात. घोणशीचे थेंब मोठे पडतात, फुरशाचे इतके थोडे की एक ग्रॅम सुके विष गोळा करायला कितीतरी साप लागतात. हे द्रव गोठवून, निर्वातात सुकवून त्याची भुकटी केली जाते आणि ती औषध कंपन्यांना विकली जाते. मग घोड्यांना या विषाच्या अत्यल्प मात्रा टप्प्याटप्प्याने टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष वेगळे काढतात. परळच्या हाफकिन संस्थेने आणि पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथील उत्पादकानेही हेच काम केले आहे, त्यामुळे विदर्भातल्या एखाद्या शेतमजुराला कापूस वेचताना घोणस चावली तर त्याच्या शिरेत जाणाऱ्या औषधाचा उगम चेंगलपट्टूच्या भातखाचरात, एखाद्या इरुळा बाईने खणलेल्या बिळात असू शकतो. प्रदेशागणिक विषाचा गुणधर्म बदलतो आणि एकाच भागातल्या सापांवर सर्व देशाने विसंबणे पुरेसे नाही, हा आक्षेप शास्त्रज्ञांनी अलीकडे जोरकसपणे मांडला आहे आणि तो योग्यच आहे. पण तो आक्षेप पुरवठ्याच्या रचनेवर आहे, मडक्यावर नाही.

महाराष्ट्राला मडक्यातला साप अपरिचित नाही. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीच्या आधी नाग पकडून मातीच्या मडक्यांत घरोघर ठेवण्याची, पंचमीला मिरवण्याची आणि नंतर रानात सोडण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक थांबली. शिराळ्याचे मडके आणि वडनेम्मेलीचे मडके यांत वरवर पाहता फरक दिसत नाही, दोन्हीकडे माती, फडके, आणि सोडून देण्याची ठरलेली तिथी आहे. फरक आहे तो मडक्यातून बाहेर काढल्यावर सापाच्या वाट्याला ढोलताशे येतात की काचेचे भांडे, एवढाच. पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांसह एका काचेच्या खोलीत ७२ तास काढून विक्रम केला, आणि पुढे १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान त्यांच्या प्रयत्नांतून उभे राहिले. साप विनाकारण चावत नाही हे दाखवणे हा त्या प्रयोगाचा हेतू होता आणि तो सफल झाला. मात्र त्यावरून साप एकमेकांबरोबर सुखाने राहतात असा अर्थ कोणी काढू नये, कारण खोलीतल्या सापांना तेथे फक्त तीन दिवस काढायचे होते.

आता प्लॅस्टिकच्या डब्याकडे. २८ एप्रिल २०२३ रोजी क्वालालंपूरहून चेन्नई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात सीमाशुल्क अधिकाऱ्यांना निरनिराळ्या जातींचे २२ साप आणि एक सरडगुहिरा सापडला. फरशीवर ओळीने मांडलेल्या डब्यांतून लांब आकड्याने साप बाहेर काढतानाची चित्रफीत तेव्हा सर्वत्र फिरली. त्याच वर्षीच्या जानेवारीत बँकॉकहून आलेल्या बेवारशी पेट्यांमधून ४५ बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतले बुटके, डिवचले की चेंडूसारखे वळकटणारे अजगर, आणि काही कॉर्न स्नेक, म्हणजे उत्तर अमेरिकेतले बिनविषारी, तांबूस साप जप्त झाले होते. भारतातला कोणताही साप घरी पाळणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा ठरत असल्यामुळे हौस परदेशी सापांकडे वळली, आणि २०२० पर्यंत त्यांच्या मालकीबद्दल कायदा जवळजवळ गप्प होता. २०२० मध्ये केंद्राने परदेशी प्राणी स्वेच्छेने घोषित करण्याची योजना आणली, २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या याद्यांतील प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तर २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. बॉल पायथन या याद्यांत आहे. कॉर्न स्नेक नाही, आणि कायद्याच्या जाळीतून तो अजूनही सहज सरपटतो.

चेन्नईतल्या सदनिकेत असा साप आला की जागेच्या आणि खर्चाच्या विचाराने, किंवा त्याला सोबत हवी या कळवळ्याने, दुसरा साप त्याच पेटीत ठेवण्याची इच्छा होते. पेटीच्या एका टोकाला ऊब दिलेली असते, तेथे दोन अजगर एकमेकांवर वेटोळे घालून पडलेले दिसतात आणि पाळणाऱ्याला त्यात माया दिसते. प्रत्यक्षात ऊबदार जागा एक आहे आणि ती दोघांनाही हवी आहे. वरच्याने खालच्याला झाकलेले आहे, आणि काही महिन्यांनी वजन केले तर एक गुबगुबीत आणि दुसरा खंगलेला निघतो. पेटीत ओकलेला उंदीर किंवा पातळ विष्ठा आढळली तर ती कोणाची हे सांगता येत नाही, म्हणून आजारी कोण हे कळायला उशीर होतो. नर आणि मादी असतील तर मादी लहान वयातच अंडी धरते आणि तिच्या शरीराची झीज होते. शिवाय अनेक जातींच्या माद्या नराचे वीर्य दीर्घकाळ साठवून ठेवत असल्यामुळे वेगळे केल्यावरही अंड्यांचा धोका संपत नाही. बोआ आणि अजगर एकत्र ठेवणे हे तर दुहेरी संकट होय, कारण एका विषाणूजन्य रोगात बोआ वरून धडधाकट दिसत राहतो आणि त्याच्यापासून लागण झालेला अजगर मज्जासंस्था बिघडून मरतो. या रोगाचा विषाणू २०१२ मध्ये ओळखला गेला.

सर्वांत ढोबळ धोका जेवणाच्या वेळी घडतो. पेटीत एक उंदीर सोडला आणि दोघांनी तो दोन टोकांनी पकडला, तर सापाचे दात मागे वळलेले असल्यामुळे कोणालाही सहज सोडता येत नाही. ज्याचा जबडा मोठा तो उंदरामागोमाग समोरच्याचे डोकेही गिळू लागतो. यात क्रौर्य नाही, गिळण्याच्या यंत्रणेला थांबण्याचा खटका नाही, इतकेच. नागराज, ज्याचे शास्त्रीय नावच सर्पभक्षक अशा अर्थाचे आहे, त्याच्या बाबतीत नराने मादीला मारून खाल्ल्याच्या नोंदी रानातूनही मिळाल्या आहेत.

या सगळ्याला अपवाद आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात गार्टर साप हजारोंच्या संख्येने एकाच चुनखडीच्या विवरात हिवाळा काढतात, आणि अलीकडच्या निरीक्षणांत काही गार्टर साप विशिष्ट सोबत्यांना पसंती देतात असेही दिसले आहे. पण वसंत येताच तो मेळा पांगतो. फ्लोरिडाच्या दलदलीत, जेथे बेकायदा सोडून दिलेल्या आणि निसटलेल्या पाळीव ब्रह्मी अजगरांनी स्थानिक सस्तन प्राण्यांचा फडशा पाडला आहे, २०१७ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुळांना मुद्दाम बोलावण्यात आले आणि त्यांनी महिन्याभरात २७ अजगर शोधून काढले. एका जुन्या क्षेपणास्त्रतळाच्या पडक्या बांधकामात तर त्यांना चार अजगर एकाच ठिकाणी सापडले. मद्रासच्या धंद्यातून बाद झालेली विद्या अमेरिकी हौसेचा पसारा आवरायला गेली, आणि २०२३ मध्ये या दोघांना पद्मश्री मिळाली.

वडनेम्मेलीत चौथ्यांदा विष काढून झाले की सापाच्या पोटाकडच्या आडव्या खवल्यांपैकी एकाचा छोटा तुकडा कापला जातो. ही खूण पुढच्या काही काती टाकेपर्यंत टिकते. मडक्यावरचे फडके सोडले जाते, साप पिशवीत घातले जातात आणि वस्तीपासून दूर नेऊन मोकळे केले जातात, तेव्हा तीन आठवडे एका वाळूत पडलेले ते दोघे क्वचितच एका दिशेला जातात. पुढे कोणा इरुळाच्या पहारीखाली त्यांतला एखादा पुन्हा सापडला, तर तो उलटा करून पोट पाहिले जाते, आणि खवला कापलेला दिसला की त्याला आहे तेथेच सोडून बीळ मातीने बुजवले जाते.